उदबत्तीने मोजलेला वारा

वाऱ्याच्या भरवशावर घर बांधायला निघालेला माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. बाकीचे लोक घर बांधतात ते विटांच्या, सिमेंटच्या आणि फार तर ओळखीतल्या कंत्राटदाराच्या भरवशावर. मामांनी मात्र पनवेलजवळच्या विचुंब्याला जागा घेतली त्याच दिवशी आम्हा सगळ्यांना बसवून जाहीर केलं की या घरात पंखा लागणार नाही, दिवसा दिवा लागणार नाही, आणि मे महिन्यात दुपारी दोन वाजता येणाऱ्या पाहुण्याला अंगावर घ्यायला चादर द्यावी लागेल. चादरीचं ऐकून मामींनी माझ्याकडे एकदा बघितलं, पदराने मान पुसली आणि त्या चहा टाकायला उठल्या.

मामांची सगळी नोकरी विजेच्या खात्यात, लोकांच्या घरची मीटरं तपासण्यात गेली होती. कुणाच्या घरी गेलं की आपण चपला काढतो, पाणी मागतो. मामा आधी मीटर शोधायचे. दाराच्या वर बसवलेल्या त्या काळ्या डब्यातली चकती किती वेगाने फिरते, तिच्यावरची तांबडी खूण किती वेळाने परत समोर येते, हे मनातल्या मनात मोजायचे आणि मग घरमालकाच्या खांद्यावर हात ठेवून सांगायचे, आत कुणीतरी इस्त्री चालू ठेवलीय. ती खरोखरच चालू असायची. आमच्या लग्नानंतर ते पहिल्यांदा आमच्या नवीन पनवेलच्या घरी आले, तेव्हा आहेराचं पाकीट माझ्या हातात ठेवण्याआधी त्यांनी जाता जाता न्हाणीघराचा दिवा मालवला. आत माझी आई होती. आईने पुढे कितीतरी वर्षं त्यांचं नाव काढलं की कपाळाला हात लावला, पण मामांना त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही. खिडकी नीट असती तर न्हाणीघरात दिवसा दिवा लागलाच नसता, एवढंच त्यांचं म्हणणं.

गंमत बाजूला ठेवली तर मामांच्या या वेडाला एक कारण होतं आणि ते मामींच्या छातीत होतं. मामींना दमा. जुन्या पनवेलमध्ये तळ्यामागच्या आळीत त्यांची भाड्याची दोन खोल्यांची जागा होती आणि त्या दोन खोल्यांना मिळून एक खिडकी होती. खिडकीतून हात बाहेर काढला की तो शेजारच्यांच्या भिंतीला लागायचा. उन्हाळा आला की मामी दारात उंबऱ्याशी येऊन बसायच्या आणि पुठ्ठ्याने वारा घेत राहायच्या. त्यांची धाप आळीच्या टोकापर्यंत ऐकू यायची असं मी म्हणणार नाही, पण घरात शिरणाऱ्याला आधी तीच ऐकू यायची. डॉक्टरांनी एकदा स्पष्टच सांगितलं की औषधं मी देतो, हवा तुम्ही बघा. मामांनी हे वाक्य वरच्याचा हुकूम आल्यासारखं घेतलं. निवृत्त झाल्याबरोबर जागा बघितली, आणि तेव्हापासून त्यांचं एकच चाललं होतं, की मामींना श्वास घेता येईल असं घर बांधायचं.

घर बांधायचं म्हणजे आधी वारा ओळखायचा. त्यासाठी मामांनी खिशात उदबत्तीचा पुडा ठेवायला सुरुवात केली. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी साली विचुंब्याला आमच्या त्या जागेभोवती भातखाचरं, दोन आंब्याची झाडं आणि लांबवर डोंगर याशिवाय काही नव्हतं. मामा सकाळ-दुपार-संध्याकाळ सायकलवरून तिथे जायचे, मोकळ्या जागेत मधोमध उभे राहायचे, उदबत्ती पेटवून छातीशी धरायचे आणि धूर कुठे वळतो ते बघत अर्धा अर्धा तास स्तब्ध राहायचे. मग वहीत नोंद. ‘माघ, सकाळी सात, माथेरानच्या अंगाने, बेताचा.’ ‘वैशाख, दुपारी तीन, खाडीकडून, उत्तम.’ शाळेतल्या मास्तरांनी निबंधाला द्यावा तसा शेरा ते वाऱ्याला देत. गावातल्या लोकांना काही दिवस हा काय प्रकार आहे कळेना. एकदा मासळीची पाटी घेऊन चाललेली एक म्हातारी थांबली, पाटी उतरवून तिने विचारलं, “बाबा, इथं कोणचा देव हाय?” मामांनी धुरावरची नजर न काढता सांगितलं, वाऱ्याचा. दुसऱ्या दिवशी त्या जागेवरच्या दगडावर जास्वंदीचं फूल होतं, आठवड्याने नारळ आला. मामांनी ते फूलही वाऱ्याची दिशा बघायला वापरलं.

वर्षभरात वारा पाठ झाला, भिंती उभ्या राहू लागल्या, आणि प्रश्न आला की खिडक्या कुठल्या लावायच्या. इथे मात्र मामा अडकले ते अडकलेच. त्या दिवसांत पनवेलमध्ये सरकत्या अॅल्युमिनियमच्या खिडक्या नव्यानेच आल्या होत्या आणि ज्याच्या घराला त्या लागत त्याच्याकडे लोक मुद्दाम बघायला जात. मामाही गेले. दुकानदाराने मोठ्या हौसेने एक तावदान सरकवून दाखवलं. मामांनी दुसरंही उघडायला सांगितलं. एक उघडलं की दुसरं त्याच्यामागे राहतं, असं दुकानदाराने समजावलं. तेव्हा मामा फार दुःखी चेहऱ्याने म्हणाले, “म्हणजे अर्धा वारा मी कायमचा बाहेर उभा करू?” काचेच्या आडव्या पट्ट्यांची खिडकी त्यांना वारा चाळणीतून गाळून घेतल्यासारखी वाटायची, शिवाय आपल्याकडचा पाऊस तिरका येतो आणि अशा पट्ट्यांमधून घरातल्या भांड्यात पडतो, असा त्यांचा दावा होता. दोन झडपांची सागवानी खिडकी सगळ्यांत चांगली, कारण ती सताड उघडते. पण ती आषाढात फुगते आणि श्रावण संपेपर्यंत मिटत नाही. लोखंडी चौकटीची खाडीच्या हवेने गंजते. प्रत्येक खिडकीत त्यांना एक तरी खोट सापडायची, आणि मुलीच्या बापाने स्थळं नाकारावीत तशा त्यांनी त्या एकेक नाकारल्या.

या संशोधनापायी ते कुणाच्याही घरी जाऊन खिडक्या उघडमीट करू लागले. माझ्या मेहुण्यासाठी मुलगी बघायला आम्ही पेणला गेलो होतो. पोहे झाले, मुलगी आली, बसली, आमच्याकडच्या वडीलधाऱ्यांनी तिला चार प्रश्न विचारायचे अशी रीत. वडीलधारे म्हणून नेलेले मामा बैठकीत नव्हतेच. आतल्या खोलीतून कडी काढल्याचे, झडप आपटल्याचे आवाज येत होते. थोड्या वेळाने बाहेर येऊन त्यांनी मुलीच्या वडिलांना विचारलं, “पावसात फुगते का हो?” वडील बिचारे मुलीकडे बघायला लागले. पुढे खुलासा झाला, सगळे हसले, लग्नही जमलं, आणि माझ्या मेहुण्याच्या सासरी आजही मामांची आठवण निघते ती याच प्रश्नाने.

पण इकडे विचुंब्याला घराचं बांधकाम थांबलं होतं. वरचा स्लॅब घालून झाला, आणि खिडक्यांच्या जागी मोठाली भगदाडं तशीच राहिली. त्यातून चिमण्या आत-बाहेर करायच्या. गावातलाच गवंडी होता, मनाने मोकळा आणि जिभेनेही. तो एक दिवस म्हणाला, “मामा, सलाप झाला, गिलावा झाला. आता खिरकीचा काय ता सांगा. पावसाला आमी सांगू नाय शकत, थांब म्हनून.” मामांनी त्याला वही दाखवली. त्याने ती उलटी धरून बघितली आणि परत दिली. असा एक पावसाळा गेला, दुसरा उन्हाळा तोंडावर आला. जुन्या पनवेलच्या खोलीत मामींची धाप वाढली. दोनदा इंजेक्शन द्यायला डॉक्टरांना घरी आणावं लागलं. दुसऱ्या वेळी मीही तिथे होतो. डॉक्टर गेल्यावर मामा पुन्हा सरकत्या खिडकीबद्दल काही बोलायला लागले, तेव्हा भिंतीला टेकून बसलेल्या मामी श्वासाश्वासाला थांबत म्हणाल्या, “अहो, वारा मागाहून आला तरी चालेल. आधी घर येऊ दे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी सुताराला सागवानी झडपा सांगून टाकल्या. वर झरोका, खाली दोन झडपा, आणि समोरच्या भिंतीत तेवढ्याच मापाची दुसरी खिडकी, म्हणजे आलेला वारा अडून राहायला नको. जमिनीपासून बरोबर चार फुटांवर, कारण वहीतल्या नोंदींप्रमाणे वारा तिथे सर्वांत उत्तम होता.

वैशाखात वास्तुशांत झाली. दुपारी खाडीकडून वारा सुटला आणि खरं सांगतो, त्या घरात तो आला. पडदे आडवे झाले, भटजींच्या पोथीची पानं उडाली, पाहुण्यांनी खुर्च्यांवर बसल्या बसल्या शाबासकी दिली. मामा खिडकीपाशी उभे होते, सदरा फुगला होता, आणि मी त्यांचा चेहरा इतका समाधानी कधी बघितला नव्हता. पाहुणे गेले. मी आणि बायको आवराआवरीला थांबलो. मामी विळी घेऊन जमिनीवर बसल्या, उरलेला दुधी चिरायला. मामा खिडकीपाशी उभ्याने म्हणत होते, काय वारा आहे, काय वारा आहे. आणि मामी चिरणं थांबवून मिठाईच्या खोक्याच्या झाकणाने वारा घेत होत्या.

“अहो, जरा इथं खाली बसता का,” त्या म्हणाल्या.

मामा बसले. मग खिशातून पुडा काढला, उदबत्ती पेटवली आणि विळीच्या शेजारी धरली. धूर सरळ वर गेला. त्यांच्या डोक्याच्याही वर, खिडकीच्या उंचीला पोचला तेव्हा कुठे तो वळला. वर्षभर त्यांनी वारा मोजला तो उभ्याने, उदबत्ती स्वतःच्या छातीशी धरून. आणि मामींचं सगळं आयुष्य जमिनीवर. धान्य निवडणं, भाजी चिरणं, दुपारी सतरंजीवर पाठ टेकणं, धाप लागली की भिंतीला टेकून बसणं. या नव्या घरात ती भिंत नेमकी खिडकीखालची चार फूट भिंत होती. मामांना ते दिसत होतं आणि ते आम्हाला दिसतंय हेही त्यांना कळत होतं. मी त्या वेळी तिथे नसतो तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

“तू आधी का नाही बोललीस?” मामांनी विचारलं.

“तुम्ही विचारलंत कुठे,” मामी म्हणाल्या आणि त्यांनी दुधी पुढे चिरायला घेतला. आवाजात राग नव्हता. राग असता तर मामांना सोपं गेलं असतं.

वास्तुशांतीच्या तिसऱ्या दिवशी मामांनी गवंड्याला बोलावून भिंत फोडायला सांगितली. त्याने मामांकडे, मग मामींकडे बघितलं. “नवी भित कोनी फोरतं का मामा,” तो म्हणाला. मामा म्हणाले, फोड. पार जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत भिंत खाली आणली. आता तेवढ्या जागेला झडपा कुठून आणायच्या? सागवान संपलं होतं, आणि आता थांबायची मामांची तयारी नव्हती. कुणाच्या तरी पाडलेल्या घरातली काचेच्या पट्ट्यांची तावदानं त्यांनी हातगाडीवर घालून आणली आणि खाली बसवली. स्वयंपाकघरात माप चुकलं तिथे चक्क सरकती खिडकी लागली. म्हणजे ज्या ज्या खिडकीला मामांनी नावं ठेवली ती प्रत्येक त्या घरात हक्काने येऊन बसली. पावसाळ्यात खालच्या पट्ट्यांमधून पाणी आत आलं, मामींनी तिथे परात ठेवली, आणि मामांनी परातीबद्दल अवाक्षर काढलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात तर त्यांनी आपण होऊन एक टेबलफॅन आणला. तो का आणला हे कुणी विचारायचं नव्हतं, आम्हीही विचारलं नाही.

मामी त्या घरात नऊ वर्षं राहिल्या. दमा गेला नाही, तो कुठे जातो, पण डॉक्टरांच्या फेऱ्या कमी झाल्या. दुपारी कधीही गेलं तरी मामी त्या बुटक्या खिडकीशी सतरंजी टाकून काहीतरी निवडत बसलेल्या असायच्या, आणि कपाळावरचे केस जरासे हलत असायचे. मला ते केस अजून आठवतात. गावातली पोरं त्यांच्याशी बाहेरूनच गप्पा मारायची, भाजीवाली बाहेर बसायची आणि त्या आत, मध्ये फक्त पट्ट्या. त्यांचं हसणं मी त्या घरात जेवढं ऐकलं तेवढं आळीतल्या खोलीत कधी ऐकलं नव्हतं. एका हिवाळ्यात, फारसा त्रास न होता, त्या गेल्या. त्यानंतरच्या वर्षी पश्चिमेची खाचरं मातीने भरली गेली आणि खाडीच्या बाजूला चार मजली इमारत उभी राहिली. मामींच्या वाटणीचा वारा तेवढाच होता असं मी स्वतःला सांगतो. दुसरं काय सांगणार.

मी मध्यंतरी बरेच दिवस गेलो नव्हतो. एका मे महिन्यात दुपारी गेलो तर मामा त्या खिडकीशी, सतरंजीवर, एकटेच बसले होते. ऐंशीच्या घरात आलेले, केस पार विरळ झालेले. खिडकीबाहेर हातभर मोकळी जागा, आणि मग इमारतीची पिवळी भिंत. पान हलत नव्हतं. माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता.

“जावईबापू, असे बसा इथं,” ते म्हणाले. “वारा येतोय का बघा बरं. आता मला एकट्याला कळत नाही.”

बायको मला म्हणाली होती की हल्ली ते आल्यागेल्या प्रत्येकाला तिथे बसवून हेच विचारतात. मी खाली बसलो, पाठ बाजूच्या भिंतीला टेकवली, थोडा वेळ खरोखरच वाट बघितली.

“येतोय मामा,” मी म्हणालो. “चांगला येतोय.”

“मग बसा अजून जरा,” ते म्हणाले, आणि सतरंजीवर माझ्यासाठी थोडे सरकले.