दारामागची मूठ

कूलरला नवा वाळा लावून पंप सुरू केला की पहिल्या पाण्यासरशी एक ओला, मातकट वास घरभर पसरतो. नागपूरच्या माणसाला उन्हाळा आल्याची खात्री उन्हाने पटत नाही, या वासाने पटते. काल दुपारी तो वास आला आणि मी सवयीने आधी कूलरच्या खाली पाहिलं. कूलर ज्या स्टँडवर उभा आहे ती एके काळी लोखंडी खाट होती. अंगणात आधीच्या कूलरच्या टाकीत कढीपत्ता वाढलाय, आणि त्याच्याच जाळीवर आमची फडकी वाळतात. या घरातली कुठलीही वस्तू मला अजून पहिल्या नजरेत खरी वाटत नाही. ही मुळात कोण, इथे कशी आली, असा संशय आधी येतो. हा स्वभाव मी माहेराहून आणलेला नाही, तो मला सासऱ्यांनी लावला.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, हिंगण्याच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. घरातलं काही टाकायचं म्हटलं की त्यांच्या जिवावर येई. फिनाईलची रिकामी बाटली ते तिरकी कापत, कापलेली कड गरम तव्याला क्षणभर टेकवून बोथट करत, की केर भरायची सुपली तयार. फाटक्या जीन्सचा पाय खालून शिवला आणि वरून नाडी ओवली की कांद्यांची थैली. जुन्या साड्यांच्या पट्ट्यांची लांबच लांब वेणी घालायचे, ती गोल गोल गुंडाळत टाके घालायचे, आणि दाराशी पायपुसणं येऊन पडायचं. वस्तू झाली की येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून विचारायचे, "हे आंधी काय होतं, वळखा बरं." समोरचा हरला की मग त्या वस्तूची सगळी कुळकथा निघे, कधी घेतली, कोणी वापरली, कशाने मोडली. फिनाईलच्या बाटलीलासुद्धा त्यांच्याकडे पूर्वायुष्य होतं. कुळकथा सांगितल्याशिवाय त्यांनी एकही वस्तू वापरात आणली नाही, एक सोडून.

लग्नाला महिनाही झाला नव्हता तेव्हा माझी कॉलेजातली बांधणीची ओढणी दोरीवरून गेली आणि दोन दिवसांनी मिक्सरच्या अंगावर अवतरली. शेजारच्या काकूंना ते तिची कुळकथा सांगत होते, आणि मी चहाचा ट्रे हातात घेऊन ऐकत होते. "फाटली होती ना पोरी," ते मला म्हणाले. फाटली होती, हे खरंच. पण माझ्या फाटक्या गोष्टी माझ्या असतात, हे त्यांना कोण सांगणार? त्या दिवसापासून मी कपाटाला कुलूप लावू लागले. संध्याकाळी दोरीवरचे कपडे काढताना मोजू लागले. मामाजी हातात कात्री घेऊन खोलीसमोरून गेले तरी मी उठून आत काय काय आहे ते पाहून घेई. त्यांना हे दिसत असणार. त्या माणसाची नजर मोडक्या वस्तूंवर इतकी बारीक, ती माझ्यावर नसेल असं कसं म्हणू.

त्याच चैत्रात माझे वडील नरखेडहून एसटीने आले, एका हातात संत्र्यांची पिशवी आणि दुसऱ्यात काळी छत्री. छत्री उन्हासाठी, बारा महिने ती त्यांच्या हातात असायची. तिला वेताची वाकडी मूठ होती आणि बोलताना ते मुठीवरून अंगठा फिरवत राहायचे. परत निघाले तेव्हा उन्हं उतरली होती, म्हणून छत्री विसरली. फोनवर म्हणाले, "राहू दे, पुढच्या खेपेले नेतो." पुढची खेप झालीच नाही. पंधराव्या दिवशी आपल्या संत्र्याच्या बागेतच त्यांनी प्राण सोडला. छत्री कपाटात मावत नव्हती, मी ती आमच्या खोलीच्या खुंटीला अडकवली आणि घरातल्या सगळ्यांना बजावलं की हिला कोणी हात लावायचा नाही. बोलताना माझा रोख कुणाकडे होता हे सगळ्यांना कळलं होतं.

मे महिन्यात एका संध्याकाळी खुंटी रिकामी दिसली. नवऱ्याला विचारलं, तो म्हणाला, मले माहीत नाही. मामाजींना विचारलं. त्यांनी माझ्याकडे न बघता "पाहतो" एवढंच म्हटलं. चौथ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दाराला मागून ठोकलेल्या एका फळीवर दोन स्क्रूंनी पक्की केलेली ती मूठ दिसली. छत्री नव्हती, नुसती मूठ, पिशवी अडकवायला. आणि फिनाईलच्या बाटलीचं चरित्र सांगणारा तो माणूस तिच्याबद्दल एक अक्षर बोलला नाही. मला आणखी कुठला पुरावा हवा होता? मी भांडले नाही. भांडले असते तर बरं झालं असतं, असं आज वाटतं. मी त्यांच्याशी कामापुरतं बोलू लागले आणि ते तसंच राहिलं. संध्याकाळी मी शाळेतून शिकवून यायची, पर्स खुर्चीवर टाकून हातपाय धुवायला जायची. परत येईपर्यंत मामाजींनी ती उचलून त्या मुठीला अडकवलेली असे. मी पट्टा वरच्यावर धरून ती काढायची, मुठीला बोट लागू न देता, आणि पुन्हा खुर्चीवर ठेवायची. अकरा वर्षं हे चाललं, ना ते काही बोलले ना मी. तीन वर्षांपूर्वी मामाजी गेले, आणि पर्स खुर्चीवरच राहू लागली.

त्या दाराला आता वाळवी लागलीय. काल कूलर लावून झाल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, सुतार आला की त्या फळीसकट दार देऊन टाक.

"ते तेवढं राहू दे ना वं," तो म्हणाला.

"काहून?"

"बाबांनी लावलेलं आहे."

"बाबांनी लावलेलं तं अर्धं घर आहे. त्याचंच काय?"

तो उगाच कूलरच्या टाकीतलं पाणी हाताने ढवळू लागला. नवऱ्याचं असं टाळणं मला ओळखू येतं. मी समोरून हलले नाही. शेवटी तो बोलला. त्या मे महिन्यात उन्हाचा कहर होता, आणि कंपनीत गाड्या ठेवायच्या जागेपासून त्याच्या खात्यापर्यंत बरंच चालावं लागे. म्हणून मला न विचारता त्याने छत्री मोटरसायकलला बांधून नेली. हिंगण्याच्या रस्त्यावर ती सुटून मागच्या चाकात गेली. कापड फाटलं, काड्या मोडल्या. भीतीने त्याने ते सगळं रस्त्याकडेला टाकलं आणि घरी येऊन फक्त बापाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी मामाजी एवढ्या उन्हात तिथे गेले. मूठ तेवढी धड सापडली.

"मी तुले सांगणारच होतो," नवरा म्हणाला. "बाबाच म्हणाले, तू काही बोलू नको गा. तिचा माह्यावर शक आहेच आंधीपासून, त्याच्यात अजून एक. तुमचं आत्ताच लग्न झालं आहे."

मला नवऱ्याचा राग आला, आणि तो इतक्यात जाणार नाही. पण त्याहून जास्त लाज वाटली, त्या अकरा वर्षांतल्या प्रत्येक संध्याकाळची. मुठीची कुळकथा सांगायची म्हणजे मुलाचं नाव घ्यायचं, म्हणून मामाजी गप्प राहिले. ते सांगू शकत नव्हते, म्हणून रोज पर्स अडकवत होते.

नवरा बाहेर गेल्यावर मी खुर्चीवरची पर्स उचलली आणि पहिल्यांदा त्या मुठीला हात लावला. वेताच्या एका अंगाला अंगठ्याएवढा खळगा आहे, वडिलांच्या हाताने झिजलेला. मूठ उलटी बसवली असती तर तो फळीकडे जाऊन झाकला गेला असता. आधी ती तशीच बसवायची होती असं दिसतं, कारण खळग्याच्याच अंगाला स्क्रूची भोकं पाडून मग ती लाकडाच्या भुशाने बुजवलेली आहेत. पर्स अडकवताना माझा अंगठा बरोबर त्या खळग्यात गेला. हे त्यांनी मुद्दाम केलं होतं का, हे विचारायला आता कोणी नाही. पण मला पक्का संशय आहे.