हवाबींचा तोल

शिळफाट्याच्या बाजारात हवाबी दिसल्या की मासेवाल्या भाव आधीच चढवून ठेवत. घासाघीस केल्याशिवाय हवाबींना मासा गोडच लागत नसे. पण एकदा मोरीत त्यांचा पाय घसरला, आणि टेंपो चालवणाऱ्या लेकाने, अकरमने, फर्मान काढलं, की बाजारात जायचं तर माझा हात धरून.

"हात धरून? मी काय नवी नवरी हाय?" म्हणत हवाबींनी बाजारच सोडला. अकरमने आणलेले शिळे बांगडे त्या नाक मुरडत खात.

शेवटी नात इल्माने तोडगा काढला. ती फिजिओथेरपी शिकत होती. "दादी, हा फोन छातीशी धर नि गप उभी राहा. तू किती डुलतेस ते आतला सेन्सर ओळखतो. ठीक निघालं तर पप्पांना मी समजावते."

गप उभं राहणं हेच तर हवाबींना जमत नसे! दूध उतू जाईल म्हणून मान वळली, दारातली कोंबडी हाकलायला पाय उचलला. फोनवरची रेघ वेडीवाकडी नाचली.

"बघ, सांगत नव्हतो?" अकरम म्हणाला.

हवाबींचा चेहरा एवढासा झाला. इल्माला राहवेना. "दादी, नमाजला उभी राहतेस ना, तशी राहा."

हवाबींनी ओढणी सावरली, नजर खाली केली. दूध उतू गेलं, कोंबडी घरात शिरली, हवाबी हलल्या नाहीत. डोळे मिटूनही रेघ जवळजवळ सरळ राहिली.

"फोनातच खोट हाय. आण इकडं," म्हणत अकरम उभा राहिला. त्याने डोळे मिटले मात्र, भिंतच धरली. पुन्हा मिटले, तर कपाट धरलं.

हवाबी पोट धरधरून हसल्या. मग लेकाचा ओशाळलेला चेहरा पाहून त्यांनी हसू आवरलं. दिवसभर टेंपोत बसून पोराच्या पायातलं बळ गेलं होतं, आणि आपण मात्र बांगड्यांना नावं ठेवत बसलो, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

सकाळी पिशवी घेऊन त्या दारात थांबल्या. "टेंपो ऱ्हाऊ दे. आपण रोज चालत जायचं. धर माझा हात."

अकरमने धरला.

बाजारात मासेवाली हसली. "काय हवाबी, लेक हात धरून आणतो आता?"

"मी आणते त्याला," हवाबी म्हणाल्या. "भाव बोल."