आईले गाडी लागली

गाडी रायपूरहून आणायची ठरलं आणि सगळं नियोजन माझ्याकडे आलं. ते नेहमी माझ्याकडेच येतं. नवऱ्याचा डावा गुडघा क्लच दाबू देत नाही, म्हणून ऑटोमॅटिकच हवी होती. नागपुरात तिच्यासाठी थांबायला सांगत होते. रायपूरच्या शोरूममध्ये ती तयार उभी होती. तात्पुरता नंबर, विमा, फास्टॅग, टायरची हवा, वाटेतला पहिला पेट्रोल पंप, सगळं मी नवऱ्याला लिहून दिलं.

त्यात सासूबाई नव्हत्या. त्या ऐनवेळी निघाल्या. "लक्ष्मी घरी येऊन राहिली, आन् तिले आणायले एकटा माणूस? घरची बाई नको?" कुंकू, नारळ आणि चाकांखाली ठेवायची लिंबं घेऊन त्या मुलासोबत रेल्वेत बसल्या. रक्त पातळ ठेवायची गोळी मी त्यांच्या पर्समध्ये घातली. "आई, कुठं धडपडू नका. तुम्हाले खरचटलं तरी रक्त थांबत नाही."

"मी का लहान लेकरू आहो?"

मला जाता आलं नाही. मुलीची परीक्षा होती, केंद्र जरीपटक्यात. तिला आत सोडून मी समोरच्या झेरॉक्सच्या दुकानापाशी सावलीत उभी राहिले. सकाळी फोटो आला होता: बोनेटवर स्वस्तिक आणि शेजारी सासूबाई, ताठ. मग बराच वेळ काहीच नाही. आणि मग नवऱ्याचा मेसेज.

"आईले गाडी लागली. थांबून राहिलो. मग करतो फोन."

दुसऱ्या कोणाबद्दल असतं तर मी आल्याची वडी द्या म्हणून मोकळी झाले असते. पण सासूबाई उमरेडच्या विणकरांच्या घरातल्या. साड्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन वर्षानुवर्षं बसच्या शेवटच्या सीटवरून नागपूरला आलेल्या. आजूबाजूच्या बाया खिडकीतून डोकं बाहेर काढायच्या, यांच्या पोटातलं पाणी हलत नसे. प्रत्येक लग्नात त्या हे सांगतात. त्यांना गाडी लागली म्हणजे गाडीच लागली.

फोन लावला. बंद. वाटेत देवरीच्या पुढे जंगल आहे, तिथे रेंज नसते, हे मला माहीत होतं. त्याचा उपयोग काहीच नव्हता. धरमपेठेतल्या दिराला मेसेज वाचून दाखवला.

"वहिनी, कोणाची गाडी? आपलीच तर नाही?"

हे मला सुचलं नव्हतं. नवरा ऑटोमॅटिक पहिल्यांदाच चालवत होता. मागे घेताना डावा पाय सवयीने क्लच शोधणार, गडबडीत उजवा भलतीकडे पडणार, आणि गाडीच्या मागे उभं राहून "ये, ये, येऊ दे" म्हणणारी आई. मला ते दिसायलाच लागलं.

"तुम्ही नका घाबरू, मी निघालोच भंडाऱ्याकडे," दीर म्हणाला. त्याचा आवाज मात्र घाबरलेला होता.

मी कामाला लागले, कारण नुसतं उभं राहवत नव्हतं. भंडाऱ्यातल्या दवाखान्यांचे नंबर काढले. गोळीचं नाव नवऱ्याला ठाऊक नसणार. तिथल्या डॉक्टरला ते आधी कळायला हवं. नाव पाठवलं. एकच टिक. पुन्हा पाठवलं. पुन्हा एकच.

पेपर सुटला. मुलगी हसत आली आणि माझा चेहरा बघून थांबली. मी फोन तिच्या हातात दिला.

"अवं आई, ओकली असन आजी!"

"तुझी आजी? ओकली?"

तिचं हसू गेलं. "...नाही वं." तिने माझा हात धरला, आणि मग मला खरंच भीती वाटली.

फोन वाजला तो तेवढ्यात.

"कुठं लागलं?" मी विचारलं.

"देवरीच्या पुढं."

"तसं नाही! डोक्याले का?"

"डोक्याले काहून लागन?"

"रक्त किती गेलं?"

"रक्त?" नवरा गोंधळला. "पोहे गेले. सकाळी खाल्ले तेवढे सगळे."

मागून सासूबाईंचा खेकसण्याचा आवाज आला, "तिले काहून सांगून राहिला रे?" मी फूटपाथवरच बसले. मुलीनेच काकाला फोन करून परत फिरवलं.

संध्याकाळी गाडी हुडकेश्वरला आमच्या फाटकाशी आली तेव्हा चारही काचा खाली होत्या, आणि सासूबाईंचं डोकं बाहेर. उतरताच मी त्यांचे कोपर पाहिले, गुडघे पाहिले, केसांतून हात फिरवला.

"काय शोधून राहिली वं?"

"काही नाही, आई."

"त्या गाडीत नव्या प्लास्टिकचा वास आहे," त्या शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "एसटीच्या बसले असा वास नव्हता."

"गाडी पाहिली का तू?" नवऱ्याने विचारलं. मी अजून पाहिलीच नव्हती. निळी होती, चांगली होती. आत घ्यायच्या आधी चाकांखाली ठेवायला मी लिंबं मागितली. तीन मिळाली. चौथं सासूबाईंच्या मुठीत होतं, नखांनी सोललेलं; रस्ताभर ते त्यांनी नाकाशी धरलं होतं.

"हे नाही भेटत," त्या म्हणाल्या आणि लिंबू हुंगत घरात गेल्या. मी चौथ्या चाकाखाली फ्रिजमधलं ठेवलं.