कदम सरांचं धुरकट रान

कदम सर काहीही पाहायचे ते डोळे बारीक करून. रान असो, वर्ग असो, नाहीतर जेवणाचं ताट. गोरेगावच्या हायस्कुलात मी मराठी शिकवायला रुजू झाले, तेव्हा ते तिथे चित्रकलेचे शिक्षक होते. पहिल्या दिवशी मला वाटलं, या माणसाला माझा कसला तरी राग आलाय. पुढे ओळख झाल्यावर विचारलं, तर म्हणाले, "बाई, मोकळ्या डोळ्यानं समदंच दिसून राह्यतं. चित्राला इतकं लागत न्हाई."

त्यांची चित्रंही तशीच. सकाळच्या धुरकट उजेडात बुडालेलं तुरीचं रान, लांबवर एखादी बाभळ, बाकी सगळा ओला करडा रंग. माणूस औषधालाही नाही. सरांनी निम्मा कागद कोराच ठेवला, म्हणून गाव थट्टा करायचं. घरातलं कुणी गेलं की लोक त्याचं चित्र काढून मागायला यायचे, तर सर हात जोडायचे. "तोंड काढणं आपलं काम न्हाई. रान रुसत न्हाई, तोंड रुसतं."

मी त्यांची शेजारीणही होते. त्यांची बायको, कौशल्यावहिनी, डबा घेऊन बांधावर जायच्या आणि ते चित्र काढत असताना बाजूला बसून राहायच्या. सर वर न बघताच त्यांना उजेडातून सरकायला सांगायचे. मला भारी राग यायचा. वहिनी नुसत्या हसायच्या. फोटोचं नाव काढलं की मात्र पदर तोंडावर.

गेल्या हिवाळ्यात वहिनी साध्या तापाचं निमित्त होऊन गेल्या. तेरवीला हार घालायला घरात फोटो नव्हता. सरांनी आतून एक चित्र आणून पाटावर ठेवलं. संध्याकाळचं रान, धूळ, रिकामी पायवाट. म्हणाले, "ती घरी यायची वेळ हाय ही." पाहुणे एकमेकांकडे पाहू लागले. वहिनींच्या भावाने हळूच विचारलं, "दाजी, हिच्यात आमची अक्का कुठं हाय?"

सरांच्या मुलाने चित्र उचलून आत नेलं आणि आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला. त्यात वहिनी दचकल्यासारख्या दिसत होत्या. त्यालाच हार पडला. त्यानंतर सरांनी ब्रश हातात धरला नाही.

काही आठवड्यांनी ते कागद-पेन्सिल घेऊन माझ्या ओसरीवर आले.

"बाई, त्या फोटूतली ती न्हाई. पर मलाबी आठवना. कोण्या दिवशी आभाळ कसं होतं, ते बराबर सांगतो. तिचं तोंड आठवना. तुमी सांगा, नाक कसं होतं?"

मी सांगत गेले. नाक, हनुवटीवरचं गोंदण, हसताना एका बाजूला जाणारा ओठ. सर काढत होते, खोडत होते. कागद खोडून खोडून फाटला, तेव्हा मी दुसरा दिला. हात शिकलेला होता. दिवस कलला तोवर कागदावर वहिनी उतरल्या, अगदी हुबेहूब. मला रडू आवरेना.

सर त्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. ओळखीचं काहीतरी शोधत होते, ते त्यांना सापडत नव्हतं. शेवटी कागद माझ्यापुढे धरून त्यांनी विचारलं, "हीच का ती, बाई?"