मुकुटबनच्या माहेरची सारवलेली भिंत

नागपूरहून पार्सल आले: मच्छरदाणी एक, साडेनऊ रुपये, कापराची डबी, आठ आणे. दुसऱ्याच दिवशी कार्तिकस्नान, पूजा आटोपून यवतमाळहून माहेरी निघाले. भावजय शांता सहा महिन्यांची गरोदर. आधीचा गर्भ हिवतापातच पडलेला. मच्छरदाणी तिच्यासाठी.

पांढरकवड्यापर्यंत मोटार बरी मिळते. पुढे मात्र बैलबंडी, आणि सारा रस्ता खडकाळ. जाणाऱ्यांनी घरूनच दशम्या न्याव्या, म्हणजे खर्चही वाचतो. दोन्हीकडे कापूस फुटला होता. बाबा अशाच बंडीतून आम्हाला जत्रेला नेत, ते आठवत राहिले.

घरी पोचले तर भिंती शेणामातीने ताज्या सारवलेल्या. जुनाच वास, आईच्या हातचा. डोळे भरून आले.

रात्री मच्छरदाणीवरून वाद.

"वन्सं, तुमी पाहुन्या. तुमी झोपा आत."

"अगं, मी आता म्हातारी होत चालले. तू नीज मुकाट्याने."

पहिली झोप झाली आणि मनगटाला खाज सुटली. गुणगुण काहीच नव्हती. कंदील वर केला. भिंतीवर डास, डोके खाली टेकलेले, शेपटी वर. लहानपणी आम्ही त्यांना 'काटे' म्हणायचो आणि मोजत मोजत झोपी जायचो.

सकाळी हिवतापखात्याचा फवारणीवाला घरात कोणी तापकरी आहे का, विचारत आला. भिंतीकडे पाहून थबकला.

"फवारा मारून टाकलेला आमचा गेरूचा नंबर कुठी गेला? काहून सारवलं, बाई?"

शांता पदराआडून म्हणाली, "वन्सं येनार होत्या न."

"अवं, हा डास अर्ध्या रातीनंतर चावते. पोट भरलं का जड होते, अन् जवळच्या भिंतीवर बसते. तिथं मारलेल्या थ्या औषधावरच त् मरते तो. तुमी औषधच झाकून टाकलं."

मी तिच्याकडे पाहिले. ती हळूच म्हणाली, "मांगं आल्या तवा औषधाचे पांढरे डाग पाहून तुमीच म्हनलं होतं, भितीले राखुंडी फासली का म्हनून."

म्हटले होते. हसत हसत म्हटले होते.

पुढची फवारणी केव्हा, ते त्यालाही सांगता येईना. तीन रात्री राहिले. रोज मच्छरदाणीच्या कडा मीच गादीखाली खोचल्या.

घरी येऊन आठ दिवस झाले. देवापुढे बसले तरी ती भिंतच दिसते. आज कार्ड टाकले:

'चि. शांतेस आशीर्वाद. दिवेलागणीलाच मच्छरदाणी सोडत जा. फवारा आला की सगळ्या खोल्यांत मारू दे, देवघरातही. मग भिंतीला हात लावू नकोस, मी येणार असले तरी. हुडहुडी भरली की नाही, उलटटपाली कळव.'