मावळी नाकाचा बुद्ध

"ओ पेंटर, उतरा खाली! ह्यो बुद्ध न्हाई, ही तुमची आय हाय!"

विहार समितीचे अध्यक्ष असे ओरडले, की भाजे लेण्यांच्या डोंगरावरची माकडं सामान बांधून मळवली स्टेशनाकडे निघाली. अध्यक्ष रेल्वेतून निवृत्त झालेले. धडधडत्या मालगाडीच्या पलीकडच्या माणसाला हाक मारण्यात त्यांचा जन्म गेला होता. परांचीवर बसलेल्या पेंटरभाऊंनी ब्रश कानामागे खोचला, भिंतीकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "व्हय. नाक तिचंच हाय."

मी समितीत होतो, कारण सभेचा चहा माझ्याकडून यायचा. खोटं कशाला सांगू? नाक होतंच तसं. रुंद, बसकं, दोन चिमण्यांनी पावसाला आडोसा घ्यावा असं ऐसपैस.

पेंटरभाऊंच्या ब्रशातून मावळाबाहेरचं काही उतरतच नसे. लोणावळ्यातल्या एका हॉटेलवाल्यानं त्यांच्याकडून काश्मीर रंगवून घेतलं, तर दल सरोवरामागे विंचूकाट्याच्या सोंडेसकट लोहगड उभा! मालक बोंबलला, तेव्हा भाऊ म्हणाले, "काश्मीरला मी कवा गेलोय? ह्यो डोंगर मला वळखतो." माझ्या चिक्कीच्या दुकानाच्या पाटीवर मी एक देखणी तरुणी मागितली होती. आली ती कासोटा घातलेली, त्याच नाकाची बाई. गिऱ्हाइकं विचारत, "तुमची आजी का हो?" मी बिनदिक्कत हो म्हणायचो. चिक्की विकायला तरुणीपेक्षा आजी बरी.

त्या नाकाचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही पाटीची अक्षरं भरता भरता, पाठमोरे राहून. त्यांची आई लेण्यांच्या पायथ्याशी करवंदं विकायची. "पावन्यांनी तिचं लय फोटू काढलं. करवंदांच्या पाटीसंगट, पाटीबिगर. समदे म्हनायचे, पाठवतो. आज ती जगभर आसंल, आमच्या घरात तेवढी न्हाई." मग पुढचं अक्षर भरत म्हणाले, "हात इसरला, की ती गेली."

आता तोच हात समितीला नको होता. बुद्धपौर्णिमा चार दिवसांवर आलेली. "कॅलिंडरवर हाय तसा चेहरा करा," अध्यक्षांनी बजावलं, "न्हाईतर उद्या भिंतीला चुना!" चुन्याची गोणी खरोखरच विहाराच्या दारात येऊन पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेंटरभाऊ बिस्किटाचा एक डबा काखोटीला मारून अध्यक्षांच्या दारात उभे. "अध्यक्ष, चुना मारा, पन आदी वर लेन्यात चला." अध्यक्षांनी पायऱ्या चढताना इतका दम टाकला, की खाली भाताचं काड उडालं म्हणतात. मीही मागोमाग गेलो. भांडण फुकट बघायला मिळत असेल, तर मी सिंहगडही चढेन.

वर एका भिंतीवर एक बाई ढोलावर थाप मारते आणि शेजारी दुसरी नाचते. भाऊंनी तिथं बोट दाखवलं. "कोरनारा कुनाकडं बगून कोरत आसंल? कॅलिंडर तर नवतं. शेजारनीच बगितल्या आसत्याल." मग त्यांनी डबा उघडला. परदेशी पाहुण्यांनी दिलेली बुद्धाची कार्डं होती आत. "ह्यो जपानचा. डोळं बगा, जपानी. ह्यो ब्रह्मदेशातला. गाल तिकडचं. ह्यो तिबेटचा. जो तो आपल्या घरातला चेहरा देतो, आन् त्याच्याम्होरं हात जोडतो. मग आमच्याच घरातला का चालंना? का आमचं नाक आमालाच बरं वाटत न्हाई?"

अध्यक्षांचा हात नकळत स्वतःच्या नाकाकडे गेला. तेही काही चाफेकळी नव्हतं. त्यांनी जपानचं कार्ड उचलून ढोलवालीच्या नाकाशी धरून पाहिलं. मग म्हणाले, "तिची करवंदं मी बी खाल्ल्यात. पानात घालायची, आन् वर मूठभर जास्तीची." आणि उतरायला लागले.

चुन्याची गोणी पुढे अध्यक्षांच्या गोठ्याला लागली. पौर्णिमेला पडदा सरकला, तशी म्हाताऱ्यांच्या रांगेत कुजबुज उठली. एकीनं हात जोडले आणि शेजारणीला म्हणाली, "डोळं मिटल्यात म्हून, न्हाईतर तिनं हाक मारली आसती गं." पडदा सरकवायला आलेले पेंटरभाऊ ते ऐकून विहारामागे गेले. बराच वेळ ब्रश धूत बसले. ब्रश आदल्या दिवशीच धुतलेले होते.

गेल्या थंडीत भाऊ गेले. छातीत कफ झाला, आणि आठ दिवसांत आटोपलं. त्यांचा मात्र फोटो होता. मीच काढून, न विसरता घरी पोचवलेला.

यंदा विहाराच्या भिंतीला ओल आली. बुद्धाच्या चिवराचे पापुद्रे सुटले. अध्यक्षांनी कामशेतहून एक नवा पेंटर बोलावला. पोरगा हुशार, शिकलेला. मोबाइलवर दहा बुद्ध काढून भिंतीशी ताडून बघू लागला. मी चहा घेऊन उभाच होतो.

"साहेब," तो म्हणाला, "आधीच्या पेंटरचं नाक चुकलंय. जाता जाता सरळ करून देऊ का?"

मी कानावर हात ठेवून तयार झालो. माकडंही सावध झाली असतील.

अध्यक्षांनी चहाचा घोट घेतला.

"नाक ऱ्हाऊ दे. बाकीचं रंगव."