मेलेल्या मशिनीचं कातडं

"हिला आत कुणी घेतलं? वास येतोय, वास! ए, तो फवारा आण!"

साहेब ओरडत होते. 'हिला' म्हणजे मला. शिपायानं सुगंधी बाटली आणली आणि माझ्या पदरावर, केसांवर फवारली. गोचिडांवर मारतात तशी. माण गावातलं, आयटी कंपन्यांशेजारचं ते काचेचं ऑफिस एवढं गार, की म्हैस बांधली असती तर तिनं कुल्फीच दिली असती. पण माझं अंग पेटलं होतं. सोफ्यावर गावचे जमीनवाले बसले होते, खोल्या भाड्यानं देऊन गब्बर झालेले. त्यांचेही पैसे साहेबांकडं बुडत होते. तरी हसले.

मी मुळशीकडची धनगरीण. साहेबांचा आमच्याकडं धरणावर बंगला. तिथं माझी सासू भांडी घासायची. तिचा कप वेगळा, बाहेर नळाजवळ पालथा. त्याच साहेबांनी एकदा मला व्हरांड्यात बोलावलं. बसायला पायरी दाखवली. म्हणाले, "आमच्या मशिनी कॉम्प्युटरमधून नाणी काढतात. तू एक मशीन घे. सांभाळायची आम्ही."

"म्हंजी अर्धलीनं!" मी म्हणाले.

आमच्यात शेळी अर्धलीनं देतात. शेळी मालकाची, चारापाणी राखणदाराचा, पिल्लं निम्मी निम्मी. साहेब हरखले. "अगदी तेच!" मग तो शब्द त्यांनी अख्ख्या वस्तीत फिरवला. मी शेळ्या विकल्या. माझी बांडी शेळी तर अशी, की तिच्या एका वेताच्या दुधावर मुळशीचं धरण भरलं असतं. तीही गेली. वस्तीतल्या बायकांनीही विकल्या. मोबाइलमध्ये नाणी वाढू लागली. सशानं लाजावं अशी वीण.

हातात मात्र एक नाणं येईना. काढायला गेलं की आधी कर भरा. कर भरला की आणखी कसली फी. मग निरोप आला, बाजार पडला, मशिनी मेल्या. जिवंत करायच्या तर पुन्हा पैसे भरा.

मेल्या?

एसटी धरून ऑफिसात आले. एवढंच म्हणाले, "कातडं दाखवा." त्यावर तो फवारा.

अर्धलीतली शेळी मेली तर राखणदार कातडं आणून मालकापुढं टाकतो. बिबट्यानं नेली तर निदान कान. तोंडी मरण आम्ही मानत नाही.

ओल्या पदरानं उभी होते आणि डोक्यात लख्ख पडलं. जनावर कुणाचं? माझं. राखणदार कोण? हा. मग राखणदार खुर्चीत, आणि मालकीण दारात? जन्मभर ज्याला मी साहेब म्हटलं, तो या व्यवहारात माझा गडी होता!

मी त्या जमीनवाल्यांच्या मधोमध सोफ्यावर जाऊन बसले. मांडी घालून.

"ऊठ!"

"न्हाई उठत. मशीन कुटं हाय? कुनाच्या खोलीत हाय? विजेचं बिल कुनाच्या नावावर येतंय? दाखव."

'दाखव' म्हणाले. 'दाखवा' नाही. हसणारेही आता साहेबांकडं बघू लागले. त्या गारठ्यात साहेबांना घाम फुटला. एवढा, की खाली भाताची खाचरं लागली असती.

बिल नव्हतं. मशीन तर नव्हतीच. तिथून मी ठाण्यात गेले. हवालदार म्हणाला, "मावशी, हाव कशाला केली?"

"ती बी लिवा," मी म्हणाले. "पर आधी त्याचं नाव लिवा."

वस्तीतल्या बायांना बोलावलं. त्यांचे मोबाइल, साहेबांचे निरोप, सगळं टेबलावर मांडलं. तक्रार झाली. शेळ्या आल्या नाहीत. येतील असंही नाही. शेळ्यांचा वाडा रिकामा आहे. आता मी मजुरीला जाते, पण सकाळी उठलं की हात अजून दावं सोडायला जातो. ठाण्यातून बोलावणं आलं की तेच फवारलेलं लुगडं नेसून जाते. वासासकट. कोर्टातही तसंच जाणार.

परवा साहेबांचा माणूस मोटार घेऊन आला. हातात पिशवी. गोड आवाजात म्हणाला, "ताई, नशीब काढलंत. तुमची एकटीची मशीन जिवंत निघाली, बाकी सगळ्या मेल्या. हे पैसे घ्या, तक्रार मागं घ्या. बाकीच्या बायकांना मात्र बोलू नका."

माझ्या आधी सासू बोलली. त्या बंगल्यात जिनं कधी मान वर केली नव्हती, ती. रिकाम्या वाड्याच्या कुडाला टेकून मिश्री लावत बसली होती. थुंकली आणि म्हणाली,

"कातडी आना. समद्यांची."